पागोळीचं पाणी

कोकणात घर बांधताना पूर्वी पहिला विचार पाण्याचा होई. जमीन उताराची, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारा. म्हणून घराच्या पाठीमागे, वरच्या अंगाला, दरड तासून चर काढत. डोंगराचं पाणी त्या चरानं घराला वळसा घालून पाणंदीत किंवा व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जाई. जोतं अंगणापेक्षा दोन-अडीच फूट उंच. छपराची पाखं भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट काढलेली, म्हणजे भिंतीला पावसाचा मारा नको. आणि पागोळीचं, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारं, पाणी आपल्याच हद्दीत पडावं म्हणून शेजाऱ्याच्या गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, तेवढी जागा सोडून भिंत घ्यायची. त्या सोडलेल्या पट्टीतून पावसात पाणी जाई आणि उघडीप झाली की माणसं जात. विहिरीवर निघालेल्या बायका, शाळेची पोरं, शेणाची पाटी घेतलेला कुणी. सातबाऱ्यावर ती पट्टी कुणाच्याही नावावर असो, वापरात ती दोन्ही घरांची.

शहरानं कोकणातल्या गावाचं नेमकं काय केलं याचा विचार करू लागलं की माझं मन या पट्टीपाशी येऊन थांबतं. घर आपलं वाटायला लावणारी बरीच कामं अशा दोन घरांच्या, दहा घरांच्या मधल्या जागेत होत आली आहेत. ती करायला माणसं लागतात, आणि ती नेमकी कोणती, किती माणसांची, हे फारसं कुणी मोजलेलं नाही.

शहर इथं दोनदा आलं. पहिल्यांदा ते माणसं न्यायला आलं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये राबणाऱ्यांनी गावकीच्या, म्हणजे गावानं मिळून घेतलेल्या, एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपून मनीऑर्डरी पाठवल्या आणि त्यावर इथल्या चुली पेटल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढं गिरण्या गेल्या, पण माणसं बहुतेक परतली नाहीत. ती नालासोपारा, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर खुली झाली. चाकरमानी एका रात्रीत गणपतीला पोचू लागला, आणि त्याच गाडीनं बारावी झालेली पोरं बाहेर पडू लागली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाची ८.६९ वरून ८.५० लाखांवर. २०११ च्याच जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागं ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा कौतुकानं सांगितला जातो, पण त्यात कामाला बाहेर गेलेल्या पुरुषांची गैरहजेरीही मोजलेली आहे.

माणसं गेली की घराला कुलूप लागतं. बंद घर कसं पडतं हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ते वरून पडतं आणि सुरुवात अगदी किरकोळ असते. पहिल्या पावसात काही होत नाही. आंब्या-फणसाचा पाला दोन पाखांच्या मधल्या पन्हळीत साचतो. उंदीर, कांडेचोर, माकडं यांच्या येण्या-जाण्यानं एखादं कौल सरकतं. तिथून येणारी धार जमिनीवर पडत नाही, म्हणून उन्हाळ्यात येऊन पाहिलं तर भुईवर डागही नसतो. ती रिपेवरून घरंगळत वाशावर येते आणि वाशावरून भिंतीच्या माथ्याशी जाऊन मुरते. वासा मध्ये कुजत नाही. भिंतीत अडकलेल्या टोकाशी, जिथं ओल सुकायला वारा मिळत नाही, तिथं कुजतो. टोक गेलं की पाखं दोन-तीन इंच दबतं, कौलांचे खाचे सुटतात, आणि आता एका जागी नव्हे तर हातभर रुंदीनं पाणी आत येतं. जुन्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, असल्या तरी सांधा मातीचा असतो. माथ्यावरून शिरलेलं पाणी ती माती धुऊन काढतं आणि भिंत बाहेरच्या बाजूला पोट काढते. खालून वाळवी चढतेच. चूल पेटत होती तेव्हा धुरानं वासे कोरडे राहत, कीड लागत नसे; सारवणाच्या निमित्तानं दर आठ-पंधरा दिवसांनी भुईकडे आणि भिंतीच्या कडेकडे कुणाची तरी नजर जाई. हे सगळं थांबलं की चांगलं बांधलेलं घरही काही पावसाळ्यांचंच सोबती.

यावरचा उपाय म्हणजे दर वर्षी वैशाखात, मृगाच्या आधी, घर शाकारणं. दोघं छपरावर, दोघं खाली कौलं झेलायला. पन्हळीतला पाला काढायचा, कौलांवरचं शेवाळ खराट्यानं झाडायचं, प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून पाहायचं. चांगलं कौल खणखणतं, भेगाळलेलं बद्द वाजतं. रिपा तपासून झाल्या की पागोळीकडून आढ्याकडे रांगा परत बसवायच्या, म्हणजे वरचं कौल खालच्यावर चढतं. आढ्यावरची पालथी कौलं चुन्यात किंवा सिमेंटात पक्की करायची. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना, म्हणजे एका ब्रासला, साधारण दीडशे लागतात. फुटतील म्हणून पाच-दहा टक्के जास्तीची गोठ्याच्या माळ्यावर ठेवायची, कारण एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. नळीची कौलं असतील तर काम दुप्पट. हे सगळं पूर्वी सावडीनं होई. आज तुमचं, उद्या आमचं, परवा म्हातारीचं, जिच्याकडे चढायला कुणीच नाही तिचं. आठ-दहा घरांची वाडी पंधरवड्यात शाकारून निघे. आता वाडीत तीन घरांत माणसं, त्यांतली दोन साठीच्या पुढची. छपरावर चढणार कोण?

म्हणून लोक कौलं काढून स्लॅब टाकतात. मला त्यांचा निर्णय समजतो. मुंबईत राहून दर वैशाखाची काळजी कुठवर करायची. पण किनाऱ्यालगत स्लॅबचं काय होतं हेही सांगितलं पाहिजे. वाऱ्यातलं मीठ काँक्रीटमध्ये शिरून सळीपर्यंत पोचतं. त्यात खाडीची वाळू न धुता वापरली असेल आणि सळीवर पुरेसं आवरण सोडलं नसेल तर गंज लवकर धरतो. गंजलेली सळी फुगते आणि खालचे पापुद्रे सुटून पडतात. उतार चुकला तर पाणी साचून गळती लागते, म्हणून चार-पाच वर्षांत स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करून पत्रे चढवले जातात. महामार्गानं जाताना गावोगाव दिसणाऱ्या त्या गच्चीवरच्या निळ्या-लाल शेड याच. म्हणजे छपराचा खर्च दोनदा. ज्यांना दुरुस्ती करायचीच आहे त्यांनी उतार तीस अंशांच्या आसपास ठेवावा, लाकूड परवडत नसेल तर जस्त चढवलेल्या पाइपचा सांगाडा करावा, वर कौलंच ठेवावीत. आणि चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करू नये. आत शिरलेली ओल मग बाहेर पडत नाही आणि दर पावसाळ्यानंतर आतला रंग सुटत राहतो. दरज भरून चिरा उघडाच ठेवणं चांगलं. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहून तो टणक होतो.

घराबाहेरच्या कामांचंही हेच आहे. दिवाळीच्या सुमारास व्हाळाचं पाणी ओसरू लागलं की बांध घालतात. दोन्ही काठांपर्यंत मेढी रोवायच्या, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या, आतून दगड रचायचे, फटींत पेंढा आणि पातेरा कोंबायचा, आणि पाण्याच्या बाजूनं चिकणमाती पायानं तुडवून दाबायची. तळाशी दगड सरळ वाळूवर ठेवले तर पाणी खालून वाट काढतं, म्हणून आधी वाळू उपसून घट्ट थर गाठावा लागतो. एका सकाळचं काम, पण त्याला पंधरा-वीस माणसं हवीत. सातांना ते होत नाही. अर्धवट घातलेला बांध न घातल्यासारखाच. या बांधावर पाट चाले, पाटावर वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, भात आणि कुळीथ-वाल, भाजीचे वाफे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अडलेलं पाणी मुरून खालच्या वाडीच्या विहिरी मे महिन्यापर्यंत टिकत. बांध बंद झाला की वरच्या वाडीचं शेत पडीक राहतं आणि खालच्या वाडीला एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. दोन्हींचा संबंध अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण मधली माणसंच गावात नाहीत. पडीक शेतात रानमोडी आणि करवंदीची जाळी वाढते, तिच्यात रानडुकरं राहतात. दहांपैकी नऊ जणांनी शेत टाकलं की दहाव्याच्या शेतावर सगळ्या कळपाचा भार येतो. तो आळशी म्हणून शेती सोडत नाही. एकट्यानं रात्रभर राखण करणं शक्य नसतं म्हणून सोडतो.

दुसऱ्यांदा शहर जमीन घ्यायला आलं. उत्तरेत ते आधीच आलं होतं. १७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ठाणे-रायगडातल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादनात आली. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. पण गावठाणाची हद्द वेळेवर वाढली नाही. मुलगे मोठे झाले, त्यांची लग्नं झाली, घरं वाढली ती गावठाणाच्या बाहेरच्या संपादित जमिनीवर. कागदावर ती अनधिकृत ठरली. गावातली माणसं त्यांना गरजेपोटी बांधलेली घरं म्हणतात. आजोबाच्या शेतात नातवानं बांधलेलं घर अतिक्रमण ठरतं, यापेक्षा घराच्या भावनेला जिव्हारी लागणारं दुसरं काय असेल? त्यात भोवतीचे सेक्टर भराव घालून उंच केले गेले आणि पुष्कळ जुनी गावठाणं मध्ये खोलगट राहिली. जे पाणी पूर्वी खाडीकडे जाई ते आता गावात येतं.

अलिबागच्या पुढं हेच वेगळ्या रीतीनं घडतं आहे. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट लागली, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, आणि दक्षिण मुंबईतून दीड-दोन तासांत माणूस वाडीत पोचू लागला. इथं सरकारी संपादन नाही, एकेक करून खरेदीखत आहे. दहा गुंठ्यांचा तुकडा घेतला की पहिलं काम जेसीबीचं. उतार तासून सपाट केला जातो, खालच्या बाजूला भराव, त्याला चिऱ्याची भिंत, अंगणाला फरशी. आता हिशेब पाहा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्यावर चार महिन्यांत तीन मीटर पाऊस पडतो, म्हणजे तीन लाख लिटर. दहा गुंठ्यांवर तीस लाख. हे पाणी पूर्वी गवतात, चरात, मुळांत विभागलं जाई. फरशीवरून ते एकाच कोपऱ्यातून खालच्या घराच्या परड्यात उतरतं. भरावाच्या भिंतीला पाणी बाहेर पडायला दर पाच-सहा फुटांवर भोकं आणि मागं खडीचा थर ठेवला नाही, तर भरावात तुंबलेलं पाणी भिंतीला ढकलत राहतं आणि एखाद्या जुलैत ती खालच्यांच्या अंगावर येते. हे गवंड्याला ठाऊक असतं. घाई आणि पैसा वाचवण्याच्या नादात ते राहून जातं.

विहिरींचं दुखणं याहून खोल आहे. नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या उथळ विहिरींवर उभ्या राहिल्या. समुद्राजवळच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याचा एक मीटर असेल, तर तो खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत खारं पाणी दाबून धरतो. वरची पातळी फूटभर उतरली की खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. रहाटाची गाडगी सावकाश उपसत, बैल थांबला की विहीर भरून येई, त्यामुळे हा तोल राहिला. पोहण्याचा तलाव भरायला आणि हिरवळ शिंपायला बोअर खोल नेऊन मोटर तासन्‌तास चालवली की तो मोडतो. एकदा खारं लागलं की चार पावसाळे गेले तरी विहीर पुन्हा गोडी होईल याची खात्री नाही. नारळ थोडा खार सोसतो, पोफळ सोसत नाही. तिचे शेंडे आधी पिवळे पडतात. शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट असावा असं सांगतात, पण जांभ्याच्या भेगांतून पाणी कितीतरी लांब जातं, आणि भर पावसात भूजल वर आल्यावर खड्डा शोषतच नाही. म्हणून अंतर मोजण्याबरोबर उताराची दिशाही पाहायला हवी. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावाच.

आणि वाट. नवा मालक हद्द मोजून घेतो, त्या रेषेवर भिंत घालतो, फाटक लावतो. त्याच्या दृष्टीनं तो काही चूक करत नाही, कारण त्याच्या कागदात वाट नसते. पण तिथून विहिरीवर, देवळात, स्मशानात जाणं होतं. शिमग्याची पालखी त्याच वाटेनं घरोघर येते. गावानं इथं भांडत बसण्यापेक्षा कायद्याची मुदत पाहावी. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘पुढच्या गणपतीला सगळे आले की बोलू’ म्हणण्यात ती मुदत निघून जाते. त्यापेक्षा विकणाऱ्यानंच खरेदीखतात चतुःसीमेखाली वाटेची रुंदी, दिशा आणि पाण्याचा चर लिहून घ्यावा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करावी. एका ओळीचं काम आहे, आणि ते दलाल सहसा सुचवत नाही.

मुळात विक्री एवढी सोपी का झाली? सातबाऱ्यावर पणजोबाच्या नावाखाली तीस-चाळीस नावं असतात, त्यांतली काही मृत. दुरुस्तीला पैसे कुणी घालायचे हे ठरत नाही, म्हणून कुणीच घालत नाही. ज्याच्या नावे घरपट्टी येते तो स्वतःला मालक समजतो, पण घरपट्टीचा उतारा मालकीचा पुरावा नाही. अशा वेळी एखादा दूरचा हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकून मोकळा होतो. दोन गोष्टी फार थोड्यांना माहीत असतात. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे, एकत्र वारसानं आलेल्या मिळकतीतला हिस्सा एक वारस विकू लागला तर बाकीच्यांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. आणि एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मुळे, घरात एकत्र ताबा मागता येत नाही. वारसनोंद तीन महिन्यांत, सगळे हयात आणि बोलते असताना जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप, आणि घर व विहीर सामाईक ठेवायची असेल तर तसं लिहून. हे गणपतीच्या पाच दिवसांत उरकत नाही. त्यासाठी मुद्दाम यावं लागतं.

सिंधुदुर्गात गावी आलेल्याला वाटेत भेटणारा पहिला माणूस विचारतो, ‘‘कधी इलंस? किती दिस रवतलंस?’’ बंगलेवाल्याला हे कुणी विचारत नाही, मग तो दहा वर्षं येत असला तरी. त्याला कुणी परका मानायचं ठरवलेलं नसतं. त्याच्याकडे गावाचं एकही काम नसतं, एवढंच. आचऱ्याला देवाच्या कौलानं, म्हणजे देवाची आज्ञा घेऊन, गावपळण होते तेव्हा सगळा गाव गुरं-कोंबड्यांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. त्यात कोण गावचा हे कागद पाहून ठरत नाही. मला वाटतं, नव्या लोकांना बांधाच्या दिवशी बोलवावं, पाणंदीच्या साफसफाईची पाळी द्यावी, पालखीला त्यांच्या अंगणात यायला सांगावं. नाही म्हणणारे म्हणतील. पण काहींना कुणी बोलावलेलंच नसतं, आणि पंधरा माणसांच्या कामात दोन-तीन नवे हात मिळाले तर तो बांध उभा राहतो.

बंद घरांबाबत एक सोपी गोष्ट करता येण्यासारखी आहे. शाळेचे शिक्षक, आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका, कुटुंबासह आलेले आंबा-काजूच्या बागांतले नेपाळी राखणदार यांना गावात राहायला जागा मिळत नाही, आणि त्यांच्या शेजारी चार घरांना कुलूप असतं. भाडेकरू जागा बळकावेल या भीतीनं मालक देत नाहीत. त्यासाठी अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आहे. देवघर आणि एक खोली कुलपात ठेवून बाकी घर देता येतं, आणि वैशाखातली शाकारणी भाड्यातून वळती करून घ्यायची हे करारातच घालता येतं. भाडं फारसं येत नाही. पण चूल पेटते, पन्हळीतला पाला निघतो, सरकलेलं कौल पहिल्या सरीलाच कुणाच्या तरी ध्यानात येतं, आणि ते बसवायला शिडी शेजारून मागून आणावी लागते.